शाळेसाठी मूडल: सॉफ्टवेअर फुकट, पण टिकवायचा खर्च कुणाचा?

वर्गाचे धडे, गृहपाठ, चाचण्या आणि गुण एकाच जागी ठेवणारं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर शोधणाऱ्या शाळेच्या यादीत मूडल असतंच. त्यात काय काय करता येतं याची माहिती कुठेही मिळेल. या परीक्षणात भर वेगळ्या गोष्टीवर आहे: मूडल कोणाच्या पैशावर चालतं, तो पैसा किती भरवशाचा आहे, आणि शाळेने स्वतःचा खर्च कुठे करावा म्हणजे शाळेचं काम अडणार नाही आणि सॉफ्टवेअरही जगेल. शाळेने एकदा सगळ्या विषयांचे प्रश्नसंच आणि गुण एखाद्या प्रणालीत भरले की तिथून बाहेर पडणं फार जड जातं. म्हणून हा प्रश्न निवडीच्या आधीच विचारायला हवा, आणि नेमका तोच विचारला जात नाही.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. ज्या शाळेकडे, किंवा चार-पाच शाळांमध्ये मिळून, सर्व्हर सांभाळणारा एक जाणकार माणूस आहे, तिने मूडल जरूर घ्यावं. त्यातही दीर्घ मुदतीच्या पाठबळाची आवृत्ती घ्यावी, प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे वाढीव भाग, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच ठेवावेत आणि देखभालीसाठी दरवर्षीची वेगळी तरतूद करावी. ही तरतूद करता येत नसेल तर स्वतःच्या सर्व्हरवर मूडल बसवू नये.

पैसा येतो कुठून

मूडलची १.० ही आवृत्ती २० ऑगस्ट २००२ रोजी आली. मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये हे काम सुरू केलं आणि मूडलचं मुख्यालय आजही तिथेच आहे. कोड जीपीएल परवान्याखाली असल्यामुळे तो कोणीही उतरवून घेऊ शकतो, बदलू शकतो, त्यावर सेवा विकू शकतो. मग मुख्यालयातल्या प्रोग्रामरांचे पगार निघतात कसे? याचं उत्तर नावात आहे. कोड मुक्त आहे, पण ‘मूडल’ हे नाव नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे. ते नाव वापरून होस्टिंगची (साइट आपल्या सर्व्हरवर चालवून देण्याची) किंवा प्रशिक्षणाची जाहिरात करायची असेल तर प्रमाणित भागीदार व्हावं लागतं, आणि हे भागीदार आपल्या मूडलच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा मुख्यालयाला देतात. म्हणजे एखादी शाळा प्रमाणित भागीदाराकडून होस्टिंग घेते तेव्हा तिच्या बिलातला काही भाग थेट मूळ सॉफ्टवेअरच्या विकासाला जातो. शाळेला वेगळी देणगी द्यावी लागत नाही.

ही रचना आम्हाला चांगली वाटते, कारण पैसा देणारे हात अनेक आहेत. तरी ती अभेद्य नाही. २०१२ मध्ये मूडलशी स्पर्धा करणाऱ्या ब्लॅकबोर्ड कंपनीने मूडलरूम्स आणि नेटस्पॉट या दोन मोठ्या भागीदार कंपन्या विकत घेतल्या, आणि २०१८ मध्ये ब्लॅकबोर्ड भागीदार योजनेतून बाहेर पडली. मोठा भागीदार गेला की त्याच्याकडून येणारा हिस्सा एका झटक्यात थांबतो. त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, मूडलने फ्रान्सच्या ‘एज्युकेशन फॉर द मेनी’ या गुंतवणूक कंपनीकडून ६० लाख अमेरिकी डॉलर घेतले होते. बाहेरची गुंतवणूक आली की वाढीची अपेक्षाही येते, आणि ती पुढच्या काही वर्षांत दिसली. २०१९ मध्ये कंपन्यांसाठीचं ‘मूडल वर्कप्लेस’ आलं, ते फक्त भागीदारांमार्फत मिळतं. मोबाइल ॲपमध्ये फुकट, मधला आणि वरचा असे स्तर झाले. मुख्यालयाचं स्वतःचं होस्टिंग ‘मूडलक्लाउड’ वापरकर्त्यांच्या संख्येप्रमाणे पैसे घेऊन चालतं.

यात शाळेने हरकत घ्यावी असं काही आहे का? वर्कप्लेसबद्दल अजिबात नाही. मोठ्या कंपन्यांनी पैसे मोजावेत आणि त्यातून शाळा वापरतात तो मूडलचा गाभा, म्हणजे मूळ कोड, सुधारावा, हा सौदा शाळांच्या फायद्याचाच आहे. ॲपबद्दल मात्र हरकत आहे. फुकट स्तरावर ॲपमधून सूचना पोहोचणाऱ्या उपकरणांच्या संख्येवर मर्यादा आहे. मोठ्या शाळेत ती लवकर भरते, आणि मग काही विद्यार्थ्यांना सूचना येतात, काहींना येत नाहीत. शिक्षकांना वाटतं सर्व्हर बिघडला. खरं कारण प्रशासकाच्या पानावर लिहिलेलं असतं, पण तिथे कोणी पाहत नाही. हा स्तरांचा तपशील शाळांना खरेदीच्या आधी ठळकपणे सांगितला गेला पाहिजे.

एकाच खांबावरचे तंबू

तुलनेसाठी आणखी काही नावं. स्कूलटूल हे शाळेच्या नोंदींचं, हजेरीचं आणि गुणांचं सॉफ्टवेअर उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांच्या पैशावर उभं राहिलं. त्याचा आराखडा नीटस होता आणि कामही प्रामाणिक होतं. पण पैसा देणारा मुळात एकच होता, आणि तो आधार संपल्यावर विकासही थांबला. ज्या शाळांनी ते स्वीकारलं होतं त्यांना दुसरी वाट शोधावी लागली. परवाना मुक्त असल्यामुळे कोड आजही वाचता येतो, मात्र तो चालता ठेवायला लागणारे तास देणारं कोणी नाही.

एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठाची गोष्ट निराळ्या वळणाची. २०२१ मध्ये ते व्यासपीठ ८० कोटी डॉलरना टूयू या कंपनीला विकलं गेलं, पण ‘ओपन एडएक्स’ हा मुक्त कोड ना-नफा संस्थेकडेच राहिला. विक्रीतून आलेला पैसा त्या संस्थेच्या पाठीशी असल्यामुळे कोडला मोठा आधार मिळाला. शाळांसाठी ते वजनदार प्रकरण आहे, विद्यापीठाच्या आकाराच्या यंत्रणेला शोभणारं.

लहान मुलांसाठीचं जीकॉम्प्री बरीच वर्षं लिनक्सवर पूर्ण मोकळं आणि विंडोजवर काही खेळांपुरतं खुलं होतं. बाकीचे खेळ उघडायला पैसे देऊन संकेतांक घ्यावा लागे. २०२० मध्ये १.० आवृत्तीबरोबर ते बंधन गेलं. आता ते केडीई या मुक्त सॉफ्टवेअर समुदायाच्या छत्राखाली प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या कामावर आणि देणग्यांवर चालतं. असं सॉफ्टवेअर एखाद्या वर्षी थबकलं तरी शाळेचं फार बिघडत नाही, कारण त्यात शाळेचा विदा (डेटा) साठत नाही. गुण आणि उत्तरपत्रिका साठवणाऱ्या प्रणालीला मात्र ही सवलत देता येत नाही. निधीची चौकशी किती खोल करायची, हे यावरून ठरवावं.

शाळेच्या ग्रंथालयासाठीचं कोहा हा या सगळ्यांतला आमच्या मते सर्वांत निकोप नमुना. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाने कॅटिपो या छोट्या कंपनीला पैसे देऊन ते बनवून घेतलं, २००० सालच्या जानेवारीत ते वापरात आलं, आणि न्यासाने ते सगळ्यांसाठी मोकळं केलं. तिथे एकच मालक कंपनी नाही. अनेक देशांतल्या सेवा कंपन्या आहेत, आणि ग्रंथालयं हव्या त्या सुधारणेला पैसे देऊन ती मूळ कोडमध्ये घालून घेतात. मूडलमध्येही हे करता येतं, फक्त शाळांना ते माहीत नसतं. त्याबद्दल पुढे येईलच.

बसवताना आणि चालवताना

आता प्रत्यक्ष वापराकडे. मूडल पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आहे आणि पोस्टग्रेस, मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल यांपैकी एका डेटाबेसवर चालतं. दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, नवी आवृत्ती येते. साध्या आवृत्तीला चुकांच्या दुरुस्त्या १२ महिने आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या १८ महिने मिळतात. दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या तीन वर्षं मिळतात. ऑक्टोबर २०२४ ची ४.५ ही अशी आवृत्ती आहे आणि तिला ऑक्टोबर २०२७ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. शाळेने दर सहा महिन्यांच्या शर्यतीत पडू नये. दीर्घ मुदतीच्या एका आवृत्तीवरून पुढच्या तशाच आवृत्तीवर जावं आणि मधल्या काळात साधारण दर दोन महिन्यांनी येणाऱ्या किरकोळ आवृत्त्या न चुकता बसवाव्यात. साइट मूडलकडे नोंदवली तर सुरक्षेच्या त्रुटींची माहिती जाहीर होण्याआधी प्रशासकाला ईमेलने कळते. नोंदणीला पैसे पडत नाहीत, म्हणून ती पहिल्याच दिवशी करा.

सर्व्हरचा अंदाज बांधताना एकूण विद्यार्थ्यांची संख्या धरू नका, एकाच वेळी आत असणाऱ्यांची धरा. दर १ जीबी मेमरीला १० ते २० जण हा जुना ठोकताळा अजूनही सुरुवातीला उपयोगी पडतो. रोजच्या वापरात मूडल कुरकुरत नाही. ते कोसळतं चाचणीच्या वेळी, कारण दोनशे मुलं बरोबर अकरा वाजता ‘सुरू करा’वर बोट ठेवतात. तिथे काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. प्रत्येक मुलाच्या विनंतीला एक पीएचपी प्रक्रिया लागते. समजा ८ जीबीचा सर्व्हर आहे, त्यातले ३ जीबी डेटाबेसला आणि बाकीच्या यंत्रणेला गेले. उरलेल्या ५ जीबीत, एका प्रक्रियेला १०० एमबी धरले, तर ५० प्रक्रिया बसतात. सेटिंगमध्ये कोणी ‘अडचण नको’ म्हणून हा आकडा २०० केलेला असेल तर मेमरी संपते, यंत्र मेमरीचं काम संथ डिस्कवर ढकलायला (स्वॅप) लागतं आणि सगळ्यांचीच चाचणी गोठते. आकडा ५० असेल तर बाकीची मुलं काही सेकंद रांगेत थांबतात, पण प्रत्येकाचं पान उघडतं. चाचणीच्या दिवशी जास्त प्रक्रियांपेक्षा मोजून ठेवलेल्या प्रक्रिया बऱ्या.

याला जोडून चार गोष्टी कराव्यात. पीएचपीचा कोड दर वेळी नव्याने वाचावा लागू नये म्हणून ऑपकॅश चालू आहे ना ते पाहा. सेशन (लॉग-इनच्या नोंदी) आणि कॅश (हाताशी ठेवलेला तात्पुरता विदा) रेडिस या मेमरीत चालणाऱ्या साठ्यात हलवा. वर्गांच्या सुरुवातीच्या वेळा पाच-पाच मिनिटांनी पुढे-मागे ठेवा. आणि दर पानाला एकच प्रश्न असेल तर पाच करा, म्हणजे पान बदलण्याच्या विनंत्या बऱ्याच घटतील. उत्तरं आपोआप जतन होण्याचा मूळ अवधी १ मिनिट आहे. तो वाढवून भार थोडा कमी होतो, पण नेट वारंवार तुटत असेल तर त्याला हात लावू नका, कारण मुलांचं लिहिलेलं वाचतं ते त्या जतनामुळेच.

सर्वांत जास्त तक्रारींचं मूळ असतं क्रॉन. मूडलची पाठीमागची कामं करणारी ही आज्ञा दर मिनिटाला चालायला हवी. ती बंद असेल तर पडद्यावर सगळं ठीक दिसतं, पण चर्चेचे ईमेल जात नाहीत, वेळ संपल्यावर ब्राउझर बंद केलेल्या मुलांची चाचणी जमा होत नाही, पुसलेल्या फायली डिस्कवरून हटत नाहीत. स्वस्त सामायिक होस्टिंगवर बऱ्याचदा क्रॉन तासातून काही वेळाच चालवू देतात. तसं असेल तर ते होस्टिंग मूडलच्या कामाचं नाही.

दुसरी नेहमीची ठेच म्हणजे ‘मॅक्स इनपुट व्हार्स’ हे पीएचपीचं सेटिंग. मूळ आकडा १,००० असतो, मूडलला पीएचपी ८ वर किमान ५,००० लागतो. तो वाढवला नाही तर इन्स्टॉलेशन तपासणीतच अडतं, आणि ते बरंच म्हणायचं. कारण आकडा कमी असताना मोठं गुणपत्रक जतन केलं, तर खालच्या ओळी गुपचूप गळू शकतात.

बॅकअपबद्दल ठामपणे सांगायला हवं. तीन गोष्टी एकत्र असतील तरच साइट परत उभी राहते: डेटाबेस, मूडलडेटा नावाचं फोल्डर आणि कोड, म्हणजे कॉन्फिग फाइल आणि वाढीव प्लगइनसह. मूडलडेटामध्ये फायली मूळ नावाने नसतात, आतल्या मजकुरावरून काढलेल्या संकेतनावाने असतात. त्यामुळे एकच पीडीएफ तीस वर्गांत चढवली तरी डिस्कवर एकदाच बसते. ही सोय छान आहे. पण याचाच अर्थ असा की डेटाबेस हरवला तर मूडलडेटा म्हणजे नावं नसलेल्या हजारो फायलींचा ढीग उरतो. मूडलमध्ये प्रत्येक वर्गाचा आपोआप बॅकअप घ्यायची सोय आहे. ती एखादा वर्ग चुकून पुसला गेला तर उपयोगी पडते, संपूर्ण साइटच्या बॅकअपची जागा घेत नाही. पुनर्प्राप्तीची टोपलीही आहे, पण तिच्यातल्या वस्तू मूळ सेटिंगनुसार आठवड्याभराने जातात.

अपग्रेडचा रस्ता आधी कागदावर मांडा. ३.९ वर राहिलेल्या शाळेला थेट ४.५ वर जाता येत नाही, मध्ये ४.१ चा मुक्काम करावा लागतो. त्यात पीएचपीची आवृत्ती आड येते. ३.९ हे ७.४ वर चालतं, ४.१ हे ७.४ पासून ८.१ पर्यंत, ४.५ हे ८.१ पासून ८.३ पर्यंत. म्हणून क्रम असा: ७.४ वर असतानाच ४.१ चढवायचं, मग पीएचपी ८.१ करायची, मग ४.५ चढवायचं, आणि शेवटी हवी तर पीएचपी ८.३. नवा कोड जुन्या फोल्डरवर ओतू नका. जुन्या फायली मध्येच राहिल्या की मूडल ‘आवृत्त्या मिसळल्या आहेत’ असं सांगून थांबतं. जुनं फोल्डर बाजूला करा, नवं कोरं ठेवा, त्यात कॉन्फिग फाइल आणि लागणारे प्लगइन आणा. ५.१ पासून वेब सर्व्हरचं मूळ फोल्डर बदलून ‘पब्लिक’ झालं आहे, त्यामुळे तिथे जाताना सर्व्हरच्या सेटिंगलाही हात लावावा लागतो. हे सगळं आधी साइटच्या प्रतीवर करून पाहायचं आणि खऱ्या साइटवर सुट्टीत करायचं.

प्लगइन: जिथे पगार कोणालाच नाही

मूडलच्या गाभ्याचा विकास पगारी माणसं करतात. प्लगइनचं तसं नाही. मूडलच्या प्लगइन संग्रहातले कित्येक प्लगइन एकेका माणसाने आपल्या संस्थेच्या गरजेपुरते लिहिलेले आहेत. तो माणूस नोकरी बदलतो आणि प्लगइन तिथेच गोठतो. पुढच्या अपग्रेडला शाळा अडकते ती इथे, गाभ्यामुळे नाही. हजेरीचा प्लगइन, प्रमाणपत्राचा, वेगळ्या मांडणीचा, वेगळ्या थीमचा असे दहा-बारा चढवलेले असतील तर त्यांतला सर्वांत मागे राहिलेला प्लगइन अख्ख्या साइटचा वेग ठरवतो.

प्लगइन घेण्याआधी संग्रहातल्या त्याच्या पानावर तीन गोष्टी बघा: तुमच्या आवृत्तीसाठी तो जाहीर केला आहे का, शेवटची आवृत्ती कधी आली, आणि देखभाल करणारी एक व्यक्ती आहे की संस्था. चौथी गोष्ट तितकीच महत्त्वाची: गाभ्यात हे आधीच आहे का? परस्परसंवादी धडे बनवणारं एच५पी ३.९ पर्यंत गाभ्यात चांगलं स्थिरावलं, ऑनलाइन वर्ग घेण्याचं बिगब्लूबटन ४.० मध्ये आलं. तरी जुने प्लगइन तसेच ठेवणाऱ्या साइट दिसतात. उलटही होतं. चॅट आणि सर्वेक्षण ही दोन साधनं ५.० मध्ये गाभ्यातून काढली गेली आणि आता ती हवी असतील तर प्लगइन म्हणून वेगळी सांभाळावी लागतात. गाभ्यातून बाहेर जाणं म्हणजे पगारी देखभालीतून बाहेर जाणं. अशा साधनावर नवा अभ्यासक्रम बेतू नये.

एखादा प्लगइन खरोखरच अत्यावश्यक असेल तर त्याच्या लेखकाला पैसे द्या. पाहिजे ते मोफत मागून ‘कधी होणार’ अशी स्मरणपत्रं पाठवणाऱ्या संस्थांमुळे चांगली माणसं हे काम सोडतात, आणि तो तोटा सगळ्यांनाच होतो.

शाळेने पैसे द्यायचे कसे

बहुतेक शाळांना देणगी देता येत नाही. लेखापरीक्षणात ‘सॉफ्टवेअर फुकट होतं तर पैसे कशाचे दिले’ हा प्रश्न येतो आणि मुख्याध्यापकांकडे त्याचं उत्तर नसतं. सेवेचं बिल मात्र कुठल्याही हिशेबात बसतं. म्हणून पैसे देणगीच्या नावाने न देता कामाच्या नावाने द्यावेत: होस्टिंग, वार्षिक देखभाल, ठरावीक दुरुस्ती, प्रशिक्षण. प्रमाणित भागीदाराकडून घेतलं तर मुख्यालयाचा हिस्सा आपोआप जातो. प्लगइनच्या लेखकाकडून घ्यायचं तर त्याला ‘पुढच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीशी जुळवून देणे’ असं नेमकं काम लिहून द्यावं आणि बिल मागावं. ज्याच्यामागे नोंदणीकृत कंपनी नाही अशा गटासाठी ओपन कलेक्टिव्हसारखी सेवा उपयोगी पडते. तिथे यजमान संस्था गटाच्या वतीने पैसे स्वीकारते, कागदपत्रं देते आणि आलेला-गेलेला प्रत्येक व्यवहार उघड दिसतो. यजमान संस्था त्यासाठी शुल्क कापते, तेवढं गृहीत धरावं. प्रोग्रामरांना आर्थिक मदत देण्याच्या गिटहब स्पॉन्सर्स या सेवेवरून व्यक्तीला दरमहा रक्कम देता येते, पण शाळेच्या खरेदी नियमांत ते बसवणं अवघड जातं. ती वाट पालकांसाठी किंवा माजी विद्यार्थ्यांसाठी ठीक.

सेवा विकत घेताना करारात पुढच्या ओळी असाव्यात, असा आमचा आग्रह आहे. आमच्यासाठी केलेली कोणतीही दुरुस्ती मूडलच्या ट्रॅकरवर (चुका आणि सुधारणा नोंदवण्याच्या जागी) नोंदवली जाईल आणि मूळ कोडसाठी सादर केली जाईल. आमच्या साइटवर गाभ्याच्या कोडमध्ये थेट बदल केला जाणार नाही. करार संपताना डेटाबेस, मूडलडेटा आणि कोड यांची पूर्ण प्रत मिळेल. यातली दुसरी ओळ लिहिलेली नसेल तर काही पुरवठादार गाभ्यात चिमूटभर बदल करून देतात. काम तेव्हा स्वस्तात होतं. पुढच्या अपग्रेडला तोच बदल पुसला जातो, परत घालायला परत बिल येतं, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर त्या पुरवठादाराशिवाय कोणालाच ती साइट अपग्रेड करता येत नाही. मुक्त सॉफ्टवेअर घेऊनही शाळा बांधली जाते ती अशी.

मूळ कोडमध्ये बदल घालण्याला वेळ लागतो, तो आधी समजून घ्या. एखादी चूक दुरुस्त करायची असेल तर ती दुरुस्ती पाठबळ असलेल्या आवृत्त्यांमध्येही येते आणि काही आठवड्यांत हाती पडू शकते. नवी सोय मात्र फक्त पुढच्या मुख्य आवृत्तीतच येते, आणि त्या आवृत्तीच्या काही आठवडे आधी नव्या कोडचे दरवाजे बंद होतात. म्हणजे दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर असलेल्या शाळेला स्वतःच पैसे दिलेली सोय दोन वर्षांनीही मिळू शकते. घाई असेल तर तीच सोय छोट्या प्लगइनच्या रूपात करून घ्यावी आणि गाभ्यात आली की प्लगइन काढावा.

हा मार्ग चालतो याचा पुरावा मूडलमध्येच आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने २००५ मध्ये मूडल निवडलं. प्रश्नांची जुनी यंत्रणा त्यांच्या गरजेला पुरेना, तेव्हा त्यांच्याच प्रोग्रामरांनी ती नव्याने लिहिली आणि २०११ च्या २.१ आवृत्तीत ती सगळ्यांसाठी गाभ्यात आली. आज कुठल्याही छोट्या शाळेत एखादं मूल उत्तर चुकल्यावर थोडे गुण गमावून पुन्हा प्रयत्न करतं, तेव्हा ते त्याच कामाचा उपयोग करत असतं. एवढं काम शाळेच्या ऐपतीत नसतं. पण दहा शाळांनी मिळून एक नेमकी दुरुस्ती करून घेणं नक्की असतं. त्यासाठी मागणी नेमकी लिहावी: कोणत्या पानावर, कोणत्या भूमिकेतल्या माणसाला, आत्ता काय दिसतं, काय दिसायला हवं, आणि ते झालं हे कसं तपासायचं. ‘गुणपत्रक सोपं करा’ या मागणीला कोणीही किंमत सांगू शकत नाही. ‘गुणपत्रकात विद्यार्थ्यांची यादी हजेरी क्रमांकानुसार लावता यावी’ या मागणीला सांगता येते.

पैशाशिवायही हातभार लावता येतो. मराठीसारख्या भाषांमध्ये मूडलच्या पडद्यावरच्या मजकुराचं भाषांतर स्वयंसेवक करतात आणि त्यात अर्धवट राहिलेल्या ओळी ढिगाने आहेत. शाळेतल्या भाषा शिक्षकांनी आठवड्यातले दोन तास दिले तर तो मजकूर पुढच्या भाषासंचातून सगळ्याच शाळांना मिळतो. सापडलेल्या चुकीची नीट लिहिलेली नोंद, तीच चूक पुन्हा कशी घडवायची याच्या पायऱ्यांसह, ही प्रोग्रामरचे कित्येक तास वाचवते.

वार्षिक तरतुदीची आमची शिफारस अशी: होस्टिंगवर जेवढा खर्च होतो त्याच्या किमान दुप्पट माणसाच्या वेळेसाठी ठेवा आणि एकूण रकमेतला दहावा हिस्सा मूळ कोडसाठी किंवा लागणाऱ्या प्लगइनसाठी राखून ठेवा. पहिल्या वर्षी तो खर्च झाला नाही तर पुढे ओढा. अपग्रेडच्या वर्षी तो हमखास लागतो.

कोणासाठी, कोणासाठी नाही

शिक्षकांची मनापासून इच्छा आहे, प्रश्नसंच वर्षानुवर्षं वाढवायचा आहे, विदा आपल्या ताब्यात हवा आहे, अशा शाळेसाठी मूडलच्या तोडीचं दुसरं मुक्त साधन आम्हाला दिसत नाही. चाचणीची यंत्रणा अव्वल आहे. गुणपत्रक शक्तिशाली आहे पण शिकायला अवघड. पडदा ४.० नंतर बराच सुधारला, तरी नवख्या शिक्षकाला सेटिंगची लांबलचक पानं घाबरवतात. प्रशिक्षणात पहिल्या दिवशी फक्त गृहपाठ आणि फाइल चढवणं शिकवावं, चाचणी दुसऱ्या दिवशी.

तंत्रज्ञ नसलेल्या शाळेने मूडलक्लाउड किंवा प्रमाणित भागीदाराचं होस्टिंग घ्यावं. मूडलक्लाउडवर आपल्या पसंतीचा प्लगइन चढवता येत नाही, आणि वर लिहिलेलं पाहता बहुतेक शाळांसाठी ती मर्यादा हिताचीच आहे. नेट जवळजवळ नाहीच अशा शाळेने मूडलच्या मागे न लागता कोलिब्री हे नेटशिवाय शिकवण्यासाठीचं सॉफ्टवेअर पाहावं. ते रास्पबेरी पाय या छोट्या स्वस्त संगणकावरही चालतं, धडे एकदा उतरवले की नेटशिवाय वापरता येतात. ते बनवणारी लर्निंग इक्वालिटी ही ना-नफा संस्था प्रामुख्याने अनुदानांवर चालते, म्हणजे पैसा देणारे हात मूडलपेक्षा कमी. पण धडे आणि सॉफ्टवेअर शाळेच्या यंत्रावरच असल्यामुळे, उद्या अनुदान आटलं तरी वर्ग दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही.

शेवटी बाहेर पडण्याची वाट. मूडल सोडायची वेळ आली तर वर्ग मूडलच्या स्वतःच्या बॅकअप स्वरूपात, म्हणजे एमबीझेड फाइलमध्ये, प्रश्न मूडल एक्सएमएलमध्ये आणि गुण सीएसव्हीत काढता येतात. प्रश्नांचं एक्सएमएल इतर काही प्रणाली वाचतात, पूर्ण एमबीझेड फारशा वाचत नाहीत. म्हणून दरवर्षी निकालानंतर तिन्ही स्वरूपांत प्रती काढून ठेवाव्यात आणि त्यातला एक वर्ग कोऱ्या मूडलवर परत चढवून पाहावा. तो चढवताना आवृत्ती तीच किंवा नवी असावी. नव्या मूडलमधून काढलेली फाइल जुन्यावर नीट उघडेलच याची खात्री नसते.